उचल (कोकण किनाऱ्यावरची हंगामी मजुरी)

उचल म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच मालकाकडनं घेतलेले पैसे, जे नंतर मजुरीतनं कापून जातात. ऊसतोडीतली उचल सगळ्यांना माहितीय, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बंदरांवर आणि आंब्याच्या बागांतही हाच प्रकार चालतो, फक्त इथे बरेच जण त्याला सरळ अ‍ॅडव्हान्स म्हणतात.

मुळात कामच हंगामी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि बंदी उठली तरी दर्या खवळलेला असेल तर नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी बाहेर पडतच नाहीत. पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मोठं गोल जाळं टाकून मासळी घेरणाऱ्या बोटींना तर राज्याच्या हद्दीत २०१६ पासून सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा. मग मिरकरवाडा, हर्णै, देवगड इथले मालक हंगामाच्या आधीच खलाशी धरून ठेवतात. हल्ली खलाशी बरेचसे नेपाळचे, काही कर्नाटक, उत्तर प्रदेशचे. गावी पैसे पोचले की माणूस बोटीवर येतो, म्हणजे असा हिशोब असतो. कधी उचल घेऊन माणूस येतच नाही, मालकाचे पैसे बुडतात आणि बोट बंदरात उभी राहते, ही मालकांची तक्रारही काही खोटी नाही.

खरा घोळ हंगाम संपताना होतो. तांडेलाच्या (बोटीवरच्या मुख्य खलाशाच्या) किंवा मालकाच्या वहीत उचल तर असतेच, शिवाय मध्ये घेतलेली खर्ची, तापाचं औषध, मोबाइलचा रिचार्ज, घरी पाठवलेले पैसे असं सगळं खलाशाच्या नावावर लिहिलेलं असतं आणि वही बघायला मागणारा खलाशी विरळाच. वादळाचा इशारा आला की बोटी परत, मासळी नाही तर तिच्यावरचं खलाशाचं कमिशन नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं ते बंदीच्या तोंडावर, म्हणजे चार पैसे जमवायच्या शेवटच्या दिवसांत. हिशोबात काही उरलं नाही तर पुढच्या वर्षीची उचल घ्यायची, की परत त्याच बोटीवर. कर्जापोटी माणूस बांधून ठेवायला १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने बंदी आहे, पण इथे साखळदंड वगैरे काही नसतो, नुसती वही असते, त्यामुळे त्या कायद्याची आठवण कुणाला होत नाही.

बायकांना उचल सहसा मिळत नाही, त्यांचं सगळं किलोवर. कोळंबी सोलायची, काजूगर सोलायचे, जेवढे किलो तेवढे पैसे. बोट उशिरा आली तर जेट्टीवर बसून घालवलेल्या तासांचे शून्य. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघतात, ती बरी होईपर्यंत वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे मजुरी कमी. आंब्याच्या बागेत राखणीला येणारे नेपाळी गुरखे मात्र हंगामभर कुटुंबासकट झोपडीत राहतात, त्यांना महिन्याचा पगार ठरलेला असतो, पण मोहोर गळला की मालकच अडचणीत येतो आणि पगार मागे पडतो.

बंदीच्या काळासाठी सरकारी मदत आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराने वर्षाला १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालतं, मग ते ४५०० तीन महिन्यांत मिळतात. एवढ्यात घर किती चालणार ते सांगायला नको, आणि ही योजना सक्रिय पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठी, तेव्हा हंगामापुरत्या परप्रांतीय खलाशाला तिचा उपयोग जवळपास नाहीच. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल २०२१ मध्ये सुरू झालं, कार्डं पुष्कळांनी काढली, पण ते कार्ड दाखवून जुलैत वाण्याची उधारी फिटत नाही. ती उधारी, शिवाय बायकांच्या गटकर्जाचा हप्ता, जो पावसाळ्यातही थांबत नाही, हे भागवायलाच घरातल्या पुरुषाला जूनमध्ये पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागते.