शेवटचा भाग आवडला नाही, म्हणजे नेमके काय झाले?

एखादी लांबलेली मालिका संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरच्या लोकमान्यनगरात किंवा राजेंद्रनगरात, दुधाच्या पिशव्या घेताना किंवा पोह्यांच्या गाडीपाशी, एक तक्रार हमखास कानावर येते : "तीन वर्षं पाहिली आणि शेवटी सगळं गुंडाळून टाकलं. फुकट गेली तीन वर्षं!" रागाचे बोलणे म्हणून ते सोडून देता येईल, पण नीट पाहिले तर त्यात एक कोडे आहे. ज्या प्रेक्षकाने रोज रात्री हातातला चहा गार होईपर्यंत ती मालिका पाहिली, त्याचा आनंद त्या त्या रात्री खराच होता, आणि अर्ध्या तासाच्या एका भागाने मागे जाऊन तो पुसून टाकावा असे काहीच घडलेले नसते. तरीही तो पुसला गेल्यासारखे वाटते, आणि हे वाटणे खोटे नसते. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत त्याची बरीच उकल केली आहे.

सुरुवात एका अगदी रुक्ष प्रयोगापासून करावी लागेल. १९९३ मध्ये डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ विद्यार्थ्यांना बोचऱ्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. एका वेळी १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि त्यानंतर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले गेले. दुसऱ्या खेपेला त्रास उघडच जास्त होता, कारण पहिली संपूर्ण खेप तिच्यात होतीच आणि वर अर्धा मिनिट गारठा होता. पण तिसऱ्या वेळी कोणती खेप परत करायची असे विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेली खेप निवडली. शेवट थोडा सुसह्य झाला होता, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले होते. अनुभवाचा मनात राहणारा हिशेब मुख्यतः त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटच्या क्षणावर बेततो, आणि अनुभव किती वेळ चालला याला त्या हिशेबात आश्चर्य वाटावे इतके कमी वजन मिळते, असा निष्कर्ष यातून पुढे आला. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते माणसाच्या निर्णयांविषयीच्या व्यापक संशोधनासाठी.

सुखाच्या अनुभवालाही हेच लागू पडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सणाच्या दिवशी दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांपैकी काहींना नुसते चॉकलेट दिले आणि काहींना चॉकलेटनंतर साधे च्युइंगगमही दिले. ज्यांना दोन्ही मिळाले ती मुले कमी खूश होती. चांगल्या भागांच्या मागोमाग आलेला एक बेतास बात भाग आपल्याला असाच महागात पडतो. मात्र हा नियम सगळीकडे सारख्याच जोराने चालतो असे मानू नये. न्यूझीलंडमधील संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या सुट्टीतील प्रवासांवर तो तपासला, तेव्हा कित्येक दिवस चाललेल्या अनुभवाचा अंदाज बांधायला तो फारसा उपयोगी पडला नाही. म्हणून तीन वर्षांची मालिका एका वाईट भागाने संपूर्ण बिघडते, असे केवळ या प्रयोगांच्या जोरावर म्हणणे मला घाईचे वाटते.

शेवट आठवणींचे काय करतो, याचे अधिक थेट उत्तर प्रिन्स्टन विद्यापीठाशी निगडित असलेल्या आसिये झादबूद आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दिले. त्यांनी १९९९ च्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाची संक्षिप्त आवृत्ती वापरली. या चित्रपटाच्या अखेरीस असे एक रहस्य उलगडते की आधीच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ बदलतो. (ते रहस्य इथे सांगत नाही, वाचकांपैकी कोणी अजून चित्रपट पाहिला नसेल, तर मलाच बोल लागेल.) काहींना रहस्य आधीच सांगितले होते, काहींना ते शेवटीच कळले, आणि काहींना कळलेच नाही. नंतर मेंदूचे प्रतिमांकन करणाऱ्या यंत्रात त्यांना आधीचे प्रसंग आठवून सांगायला लावले. ज्यांना रहस्य शेवटी कळले होते, त्यांच्या मेंदूच्या काही भागांतील हालचालींचे आकृतिबंध आठवण सांगताना बदललेले होते; रहस्य आधीपासून माहीत असलेल्यांच्या आकृतिबंधांशी ते जुळू लागले होते. मागे पाहिलेला प्रसंग डोक्यात जसाच्या तसा बंद करून ठेवलेला नसतो, आणि शेवट कळला की तो नव्या अर्थाने पुन्हा जुळवला जातो. ज्या जावयावर तीन वर्षे विश्वास ठेवला तो शेवटच्या आठवड्यात कारण नसताना खलनायक निघाला, तर त्याचे जुने प्रेमळ प्रसंगही आता ढोंगाचे दिसू लागतात. लोकमान्यनगरातली तक्रार अशा वेळी तिच्या शब्दांना वाटते त्यापेक्षा बरीच अचूक असते.

पण सगळा राग कथेवरचा असतो असेही नाही. त्यातला मोठा वाटा निरोपाचा असतो.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचे एक एकतर्फी नाते जुळते. तो माणूस आपल्याला ओळखत नाही हे पक्के ठाऊक असूनही आपण त्याची वाट पाहतो, त्याच्यावर रुसतो, त्याला सल्ला देतो. आपल्याकडे याचा पुरावा टपालाने आला. जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळात दूरदर्शनवर चाललेल्या 'हम लोग' या मालिकेसाठी चार लाखांच्या घरात पत्रे आल्याची नोंद अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी केली आहे, आणि त्यांत पात्रांनी पुढे काय करावे याच्या सूचना होत्या. 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका मे २००४ मध्ये संपली, तेव्हा केरेन इयाल आणि जोनाथन कोहेन यांनी तिच्या प्रेक्षक असलेल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. आवडत्या पात्राशी नाते जितके गाढ, तितके मालिका संपल्याचे दुःख जास्त, असे त्यांना आढळले. एकटेपणाचाही त्यात वाटा होता. २००७-०८ मध्ये अमेरिकेत लेखकांच्या संपामुळे मालिका काही काळ थांबल्या, तेव्हा झालेल्या दुसऱ्या एका पाहणीतही असेच दिसले, जरी पात्रे परत येणार हे सर्वांना माहीत होते.

इंदूरसारख्या गावात हे नाते आणखी एका कारणाने गाढ होते. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत आणि 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेने आणलेल्या नाटकांना सभागृह भरते. पण नातवंडे शाळेत आणि अंगणात हिंदीच बोलतात, आणि घरात मराठीत सलग अर्धा तास बोलणारे पुष्कळदा दूरदर्शन संचच उरतो. मालिकेतली सासू, नणंद, वहिनी या अशा घरात येऊन-जाऊन असणाऱ्या बायका होतात. वाहिनीने "मालिका प्रेक्षकांचा निरोप घेत आहे" असे जाहीर केले की त्यांचे येणेच थांबते, मग शेवटचा भाग कसाही असो.

तिसरी गोष्ट न्यायाची. डॉल्फ झिलमन आणि जोॲन कँटर यांनी १९७७ मध्ये दुसरी-तिसरीतल्या मुलांना एका मुलाची छोटी चित्रफीत दाखवली. काहींना तो मुलगा प्रेमळ दिसला, काहींना दुष्ट. शेवटी त्याला नवी सायकल मिळते, किंवा तो सायकलवरून आपटतो. प्रेमळ मुलगा पडला तर पाहणारी मुले हळहळली. दुष्ट मुलगा पडला तर ती सुखावली, आणि त्याला सायकल मिळालेली त्यांना मुळीच रुचली नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांचाही असा चोख हिशेब असतो. प्रौढ प्रेक्षक तो शेकडो भागांतून मांडत जातात आणि शेवटच्या भागाकडून त्याची फेड मागतात. १९८८ मध्ये दूरदर्शनवरील 'रामायण' उत्तरकांड न दाखवताच संपणार असे दिसू लागले, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी मालिका पुढे चालू ठेवावी म्हणून संप केला. पुढचा कथाभाग नंतर खरोखरच प्रसारित झाला. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी मालिकेचा शेवटचा सीझन नव्याने करावा या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि जगभर त्याचे नवल झाले. पण जालंधरने ते तीस वर्षे आधी, आणि जास्त प्रभावीपणे, करून दाखवले होते.

एकच शेवट एकाच घरात दोघांना निरनिराळा का लागतो, हेही पाहण्यासारखे आहे. सुदामानगरातल्या एका परिचितांच्या घरी आजी रोज रात्री साडेआठची मालिका पाहतात आणि इंजिनिअरिंगला असलेला नातू वेबसिरीजचा अख्खा सीझन एका रात्रीत संपवतो. आजींच्या मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या रात्री त्यांनी जेवणाची पाने अर्धा तास आधी घेतली, फोन बाजूला ठेवला आणि भाग संपल्यावर पदराने डोळे पुसले. नातू म्हणाला, "आजी, रडतेस काय, सीरियलच तर आहे!" त्यावर आजींचे उत्तर : "तुझी माणसं एका रात्रीत येतात आणि जातात रे. माझी तीन वर्षं होती."

आजींच्या म्हणण्याला मेलबर्न विद्यापीठातील एका प्रयोगाचा आधार देता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५१ विद्यार्थ्यांना सहा भागांची एक ब्रिटिश हेरमालिका दाखवली गेली : काहींना एका बैठकीत, काहींना रोज एक भाग, काहींना आठवड्याला एक. एका बैठकीत पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कथानक सर्वांत चांगले आठवत होते. पण १४० दिवसांनंतर तपासले, तेव्हा सर्वांत जास्त घसरण त्यांचीच झाली होती. मालिका आवडल्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. रोजच्या थांबण्यामुळे मनाला उजळणी करायला सवड मिळते, आणि त्या सवडीतच पात्रांविषयी बोलणे, तर्क करणे, भांडणे होते.

आजींच्या रडण्याविषयीही एक सुंदर निष्कर्ष आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ६० जणांना दोन करुण चित्रपट दाखवले. त्यांतले २८ रडले. संपताक्षणी रडणाऱ्यांची मनःस्थिती आधीपेक्षा खालावलेली होती. २० मिनिटांत ती पूर्वपदावर आली, आणि ९० मिनिटांनी चित्रपटापूर्वीच्याही पेक्षा चांगली झाली. न रडणाऱ्या ३२ जणांत असा चढउतार दिसला नाही. मालिकेच्या शेवटावर पहिल्या पाच मिनिटांत दिलेले मत म्हणून मी फारसे मनावर घेत नाही.

अडचण अशी की मत द्यायला आपण दीड तास थांबत नाही. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बेर्नार रिमे यांच्या दीर्घ संशोधनानुसार, भावना हलवणाऱ्या प्रसंगांपैकी ८० ते ९५ टक्के प्रसंग माणसे कोणाला ना कोणाला सांगतात, आणि तेही बहुधा त्याच दिवशी. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्याची मावशी, इंदूरची वहिनी आणि बडोद्याची आत्या एकाच वेळी लिहू लागतात. अशा चर्चेने मते मवाळ होतील असे वाटेल; पण सर्ज मॉस्कोविसी आणि मारिसा झाव्हालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात उलटेच दिसले. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याविषयी आधीच अनुकूल असलेले गट चर्चेनंतर अधिक अनुकूल झाले आणि अमेरिकनांविषयी प्रतिकूल असलेले अधिक प्रतिकूल. रात्री "ठीक होता" वाटलेला शेवट सकाळी "फालतू" होतो, तो असा.

आतापर्यंत बोललो ते कायमच्या निरोपाविषयी. सीझनच्या शेवटाचे गणित मात्र वेगळे असते, कारण तो मुद्दामच गाठ सोडत नाही. अर्धवट राहिलेले काम पूर्ण झालेल्यापेक्षा जास्त आठवते, असे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधील प्रयोगांवरून मांडले, आणि रोमांचक जागी थांबणाऱ्या प्रत्येक मालिकेच्या संदर्भात त्यांचे नाव घेतले जाते. परंतु नंतरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तर आठवणीचा हा फायदा टिकत नाही. टिकतो तो त्यांच्याच सहकारी मारिया ओव्स्यांकिना यांचा १९२८ चा निष्कर्ष : अडवलेले काम माणूस संधी मिळताच, कोणी सांगितले नसतानाही, परत हातात घेतो. म्हणजे अर्ध्यावर सोडलेली कथा नीट आठवेलच असे नाही, पण तिच्याकडे परत जाण्याची ओढ मात्र पक्की राहते. पुढचा सीझन सुरू होताना "मागील भागात" म्हणून उजळणी द्यावी लागते, आणि "यापुढे पाहणारच नाही" असे रागाने म्हणून गेलेला प्रेक्षकही तेवढ्यात येऊन बसलेला असतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या 'डॅलस' या मालिकेचे. २१ मार्च १९८० रोजी तिच्या सीझनच्या अखेरीस मुख्य पात्र जे. आर. याला कोणी तरी गोळी घातली आणि पडदा पडला. त्यात त्या वर्षी कलाकारांच्या संपामुळे पुढचा सीझन लांबला. गुन्हेगार कोण हे फुटू नये म्हणून अनेक कलाकारांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवण्यात आले होते. उत्तर मिळाले ते २१ नोव्हेंबरला, आणि आठ महिने वाट पाहिलेले अंदाजे ८ कोटी ३० लाख अमेरिकी प्रेक्षक त्या रात्री संचासमोर होते. गुन्हेगार निघाली जे. आर.ची मेहुणी.