हाताचा झटका आणि उपकरणाचा ठोका: कायरोप्रॅक्टिकमधला सुरक्षिततेचा घोळ

उन्हाळ्यात आईवडील अमेरिकेत मुलांकडे राहायला आले, की महिन्याभरात कुणाची तरी कंबर धरते आणि ठरलेले वाक्य कानावर येते: ‘ते हाताने मान मोडणारे नकोत, पण आमच्या इथला कायरोप्रॅक्टर मशीनने करतो, त्यात धोका काहीच नाही.’ (कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्याच्या आणि इतर सांध्यांवर हाताने किंवा उपकरणाने उपचार करणारा.) या वाक्याचा पूर्वार्ध निम्मा बरोबर आहे आणि उत्तरार्ध साफ चूक आहे. तरीही शिकलीसवरलेली माणसे ते इतक्या खात्रीने एकमेकांना सांगतात, की एकदा नीट मांडून ठेवणे भाग आहे.

हाताने केलेली ॲडजस्टमेंट बहुतेकांनी निदान रीलमध्ये तरी पाहिलेली असते, त्यामुळे तिच्यात फार वेळ घालवत नाही. सांधा हालचालीच्या टोकाजवळ नेऊन तिथे छोटा, वेगवान झटका दिला जातो आणि पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज येतो. हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात त्या क्षणी पोकळी तयार होते, हे अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांचे एमआरआय चित्रण करून दाखवले आहे.

उपकरण पुष्कळ नंतरचे आहे. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली ती हातानेच. सर्वांत परिचित उपकरण जे ॲक्टिव्हेटर, ते वॉरन ली आणि आर्लन फ्यूर यांनी १९६० च्या दशकात मिनेसोटात विकसित केलेल्या पद्धतीतून आले. ते सिरिंजसारखे मुठीत धरतात, रबरी टोक मणक्याच्या कडेला टेकवतात आणि दाबतात. आतला स्प्रिंगवरचा लहान हातोडा सुटतो, ‘टिक्’ असा आवाज येतो आणि काम संपते. हा आवाज उपकरणाचा असतो, तुमच्या सांध्याचा नाही. (मसल गन ही तिसरीच वस्तू आहे. ती स्नायूंवर सतत थरथरत राहते. घरी ती आहे म्हणून ‘आम्ही रोज ॲडजस्टमेंट घेतो’ असे कृपया सांगू नये.)

आता मूळ मुद्दा. उपकरण सुरक्षित का, असे विचारले की ‘त्यात जोर कमी असतो’ हे उत्तर मिळते. पाठीपुरते ते खरे आहे, कारण पाठीवर हाताचा झटका काहीशे न्यूटनपर्यंत जातो, तर उपकरणाचा ठोका मॉडेल आणि सेटिंगप्रमाणे साधारण शंभर-दोनशे न्यूटनच्या घरात असतो. मात्र मानेवरच्या झटक्याची मापे घेतली गेली, तेव्हा हाताचा जोरही शंभर न्यूटनच्या आसपास किंवा त्याहून कमीच भरला. म्हणजे ज्या मानेची सगळ्यांना भीती वाटते, तिथे जोराचा फरक नाहीच म्हटले तरी चालेल. खरा फरक वेळेचा आणि हालचालीचा आहे. हाताच्या झटक्याला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा लागतो, तर उपकरणाचा ठोका सेकंदाच्या शंभराव्या हिस्स्याच्या आत संपतो, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी मान एका बाजूला वळवून टोकाला न्यावी लागत नाही. मान पिळण्याची भीती वाटणाऱ्याने उपकरण निवडले, तर ती निवड समंजस आहे.

परंतु यातून धोक्याचा एकच भाग कमी होतो, तो म्हणजे कृतीचा. दुसरा भाग असतो चुकीच्या माणसावर उपचार होण्याचा, आणि तो उपकरणाने तसूभरही कमी होत नाही. मानेतली धमनी आतून फाटण्याची आणि त्यातून पक्षाघात होण्याची घटना दुर्मीळ आहे, पण फाटण्याचे पहिले लक्षण पुष्कळदा मानदुखी किंवा डोकेदुखी हेच असते. ऑन्टारिओमधल्या रुग्णांवरच्या २००८ च्या अभ्यासात ४५ वर्षांखालच्या लोकांत मेंदूच्या मागच्या भागातल्या पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरकडच्या भेटीशी आढळला, तसाच तो फॅमिली डॉक्टरकडच्या भेटीशीही आढळला. धमनी आधीच फाटलेली असते आणि दुखते म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचे मान्य करूनही, मानेवर झटका देण्याआधी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी, असे सांगितले. अशा रुग्णाच्या बाबतीत हात वापरला की ॲक्टिव्हेटर, हा प्रश्न दुय्यम आहे. धमनीची शंका कुणाला आली का, हा पहिला.

हेच मणक्याच्या फ्रॅक्चरला, गाठीला, जंतुसंसर्गाला आणि संधिवाताने मानेचे वरचे सांधे सैल झालेल्यांना लागू आहे. इथे आपल्या आईवडिलांची अडचण विशेष असते. आईच्या बोन डेन्सिटीचा रिपोर्ट पुण्याच्या घरी कपाटात असतो, रक्त पातळ करणारी इकोस्प्रिन तिच्या लेखी औषधात मोडत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीच्या स्तनाच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख परक्या माणसासमोर करायचा नाही, असे तिने मनाशी ठरवलेले असते. कायरोप्रॅक्टरने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही, तर सगळ्यांत हलक्या सेटिंगवरचा ठोकाही आंधळेपणानेच दिलेला ठोका. उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे, त्याने घाबरू नये. पण लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठावी.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. ॲक्टिव्हेटर पद्धतीत रुग्णाला पालथे झोपवून दोन्ही टाचा जुळवून पाहतात, एक पाय आखूड दिसला की तिथून दोषाची जागा ठरवतात, आणि ठोक्यानंतर पाय ‘सारखे’ झाल्याचे नातेवाइकांना दाखवतात. झोपण्याच्या थोड्याशा फरकानेही टाचा पुढेमागे दिसतात. त्या दृश्यावर भाळून चोवीस सिटिंगचे आगाऊ पैसे भरणे मला मुळीच पटत नाही.

गुण कशाने येतो, याचे उत्तर उपकरणाच्या चाहत्यांना आवडणारे नाही. ‘स्पाइन’ या नियतकालिकात २०१५ मध्ये आलेल्या, नव्याने कंबर दुखू लागलेल्या १०७ जणांवरच्या चाचणीत चार आठवड्यांनंतर हाताच्या झटक्याने उपकरणापेक्षा जास्त आराम मिळाला होता, आणि उपकरण नेहमीच्या वैद्यकीय उपचारापेक्षा सरस ठरले नव्हते. तीन आणि सहा महिन्यांनी मात्र गटागटांत फरक उरला नाही. म्हणून धडधाकट तरुणाची साधी कंबरदुखी असेल, तर मी हाताला कौल देईन. हाडे ठिसूळ झालेल्या सत्तरीच्या बाईंसाठी उपकरण, तेही भारतातली फाईल व्हॉट्सॲपवर मागवून कायरोप्रॅक्टरला दाखवल्यावर. मान वळवून दिलेला झटका मी घरातल्या कुणालाही घेऊ देणार नाही. आणि आजवर कधी झाली नव्हती अशी मानदुखी अचानक उद्भवली, सोबत चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोलताना जीभ अडखळणे असेल, तर ‘मशीनने करतात का?’ असे विचारत न बसता ९११ फिरवावा.