१९२९ च्या आधीचा कृष्णवर्णीय सिनेमा
अमेरिकेत केवळ कृष्णवर्णीय कलाकारांचे चित्रपट १९२९ साली हॉलिवूडने सुरू केले, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. १९१६ मध्येच कृष्णवर्णीय अभिनेते नोबल जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ‘लिंकन मोशन पिक्चर कंपनी’ उभारली होती, आणि कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो १९१९ पासून तुटपुंज्या भांडवलावर, फिल्मचे डबे स्वतः गावोगाव नेत, वर्णभेदाने वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांसाठी चित्रपट काढत होते. गोऱ्यांच्या थिएटरांत या प्रेक्षकांच्या वाट्याला पुष्कळदा मध्यरात्रीचा खेळ येई. समज टिकला, तो बहुतेक प्रती नष्ट झाल्यामुळे. मिशोंच्या १९२० च्या ‘विदिन अवर गेट्स’ची प्रत अखेर स्पेनमध्ये सापडली, त्या मूकपटातील संवाद-निवेदनाच्या स्पॅनिश पाट्या पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या, हे फार जिव्हारी लागते.