द अँबॅसडर्स (होल्बाइनचे चित्र)

जर्मन चित्रकार धाकटा हान्स होल्बाइन याने १५३३ मध्ये लंडनमध्ये रंगवलेले दुहेरी व्यक्तिचित्र. ओकच्या फळ्या जोडून केलेल्या तक्त्यावरचे हे तैलचित्र २०७ × २०९.५ सेंमी. आकाराचे, म्हणजे जवळजवळ चौरस आहे, आणि त्यातली माणसे खऱ्या माणसांएवढी दिसतात. १८९० पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. प्रबोधनकाळातील प्रतीकांविषयी लिहिणारा प्रत्येकजण कधीतरी या चित्रापाशी येतोच. त्यामुळे त्याचे अर्थही जरा जास्तच निघाले आहेत.

डावीकडे गुलाबी रेशमी अंगरखा आणि त्यावर फरची किनार असलेला काळा झगा घातलेला ज्याँ द दँतव्हील आहे. तो फ्रान्सच्या राजाचा लंडन दरबारातील वकील, म्हणजे राजदूत, होता. उजवीकडे गडद, लांब झग्यातला त्याचा मित्र जॉर्ज द सेल्व्ह, लाव्हूरचा बिशप. दोघांची वये चित्रातच नोंदवली आहेत : दँतव्हीलच्या खंजिराच्या म्यानावर २९, तर सेल्व्हच्या कोपराखालच्या पुस्तकाच्या कडेवर २५. हे दोघे कोण, याचा छडा मेरी हर्वी यांनी लावला आणि १९०० मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. मागच्या पृथ्वीगोलावर दँतव्हीलचे गाव पोलिसी मुद्दाम नोंदवले आहे, हा त्यातला एक महत्त्वाचा दुवा.

चित्राचे साल विसरून त्यातली प्रतीके लागत नाहीत. १५३३ च्या जानेवारीत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने ॲन बोलीनशी गुपचूप लग्न केले आणि १ जूनला वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचा राज्याभिषेक झाला. इंग्लंडचे पोपशी असलेले नाते तुटायच्या बेतात होते आणि जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी वेगळी वाट आधीच धरली होती. चित्रातली फरशी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या तेराव्या शतकातील जडावाच्या फरशीवर बेतलेली आहे.

दोघांच्या मध्ये दुमजली मांडणी आहे. वरच्या फळीवर तुर्की गालिचा अंथरून त्यावर आकाशगोल, सूर्यघड्याळे आणि ग्रहताऱ्यांची स्थाने मोजण्याची उपकरणे ठेवली आहेत. ती बहुधा हेन्री राजाचा खगोलशास्त्रज्ञ निकोलस क्रात्झर याच्याकडची असावीत. होल्बाइनने १५२८ मध्ये त्याचे चित्र काढले तेव्हा तसलेच बहुपैलू सूर्यघड्याळ त्याच्या हाती दाखवले होते. खालच्या फळीवर पृथ्वीगोल, ल्यूट हे तंतुवाद्य, बासऱ्यांची पेटी आणि दोन उघडी पुस्तके आहेत.

खरी गोष्ट या खालच्या फळीवर घडते. ल्यूटची एक तार तुटली आहे. दोन वर्षांपूर्वी, १५३१ मध्ये, इटालियन कायदेपंडित आल्चातो याच्या प्रतीकसंग्रहात ल्यूट हे राज्याराज्यांतील कराराचे चिन्ह म्हणून छापले गेले होते : एक तार बिघडली की सगळा मेळ गेला. राजनैतिक कामावरच्या माणसाशेजारी तुटक्या तारेचे वाद्य ठेवणारा चित्रकार हे सहज करत नसतो. शेजारी जर्मन गणितज्ञ पेटर आपियानचे व्यापारी हिशेबाचे पुस्तक आहे, तेही भागाकाराच्या, म्हणजे विभागणीच्या, पानावर उघडलेले. दुसरे पुस्तक ल्यूथरपंथी स्तोत्रांचे, तेही कॅथलिक बिशपच्या बाजूला. त्यातली दिसणारी दोन गीते मात्र, पवित्र आत्म्याची आळवणी आणि दहा आज्ञा, दोन्ही पक्षांना चालणारी आहेत. फूट आणि समेटाची आस, दोन्ही एकाच फळीवर मांडल्याचे हे वाचन सर्वांत भक्कम वाटते, कारण त्यासाठी चित्राबाहेर फार भटकावे लागत नाही.

याउलट सूर्यघड्याळांवरून चित्रातला क्षण मिनिटांपर्यंत काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ११ एप्रिल १५३३, गुड फ्रायडेची दुपार, असे त्यातले एक प्रसिद्ध उत्तर आहे. उत्तर आकर्षक आहे, पण वेगवेगळी घड्याळे एकच वेळ दाखवत नाहीत. काहींना त्यातही विसंवादच दिसतो. अशा ठिकाणी चित्रापेक्षा वाचणाऱ्याची हौस जास्त बोलते.

फरशीवर दोघांच्या पायांपुढे समुद्रफेसाच्या तुकड्यासारखे काहीतरी तिरपे तरंगताना दिसते. समोरून पाहणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही. चित्राच्या उजव्या कडेला, जवळजवळ भिंतीला लागून, मान तिरकी करून पाहिले की तिथे माणसाची कवटी उमटते आणि त्याच क्षणी दोन्ही मित्र आकुंचून बाजूला पडतात. दोन्ही गोष्टी एकदम नीट पाहता येत नाहीत. मृत्यूचे स्मरण करून देणाऱ्या कवट्या त्या काळी अनेकांनी रंगवल्या, पण पाहणाऱ्याला जागेवरून हलवणारी ही वेगळीच. दँतव्हीलच्या टोपीवरच्या बिल्ल्यातही एक लहानशी कवटी आहे. होल्बाइनने मृत्युनृत्याची काष्ठचित्रे (छापली गेली ती १५३८ मध्ये लियाँला) या चित्राआधीच आखली होती, तेव्हा हा विषय त्याच्या हातातला होता.

वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआडून चांदीची क्रूसमूर्ती (क्रुसावरचा येशू) अर्धीच डोकावते. पडद्याच्या घडीत ती इतकी दडली आहे की मुद्दाम शोधावी लागते. मृत्यू समोर आणि मुक्ती आडोशाला, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

१९९० च्या दशकातील साफसफाई व दुरुस्तीत गॅलरीला कवटीच्या नाकाच्या हाडाचा झिजलेला भाग नव्याने रंगवावा लागला. त्यासाठी खऱ्या कवटीच्या संगणकीय प्रतिमेचा आधार घेतला गेला.