अमृतधारेच्या बाटलीत काय होतं?

गावदेवी मैदानावरच्या एका प्रदर्शनात परवा एका स्टॉलसमोर हीऽ गर्दी. विक्रेत्याने तीन प्रकारचे पांढरे खडे काचेच्या बाटलीत टाकले, बूच लावून बाटली हलवली आणि थोड्या वेळात खड्यांचं झालं पाणी. 'ना आग, ना पाणी, ही वनस्पतींची दिव्य शक्ती!' लगेच चार बाटल्या खपल्या. माल खरा होता, ती अमृतधाराच होती, पोटदुखी-सर्दीवरचं जुनं घरगुती औषध. दिव्य शक्ती तेवढी पदरची.

ते तीन खडे म्हणजे ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. काष्ठौषधींच्या दुकानात याच नावांनी मागायचे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. ओव्याच्या दाण्यात साधारण दोन ते चार टक्के तेल असतं आणि त्यातलं पुष्कळसं थायमॉल. ते दाण्याच्या सालीतल्या बारीक नळ्यांत कोंडलेलं असतं, म्हणून आजी ओवा तळहातावर चोळून देते. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा बोटीने जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई. अमेरिकेत तेव्हा आतड्यातल्या अंकुशकृमींवर (हुकवर्म) तेच औषध होतं.

आता बाटलीकडे. थायमॉल वितळतं ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, पुदिन्याचं मेंथॉल ४२च्या पुढे आणि कापूर तर पावणेदोनशेच्या वर. ठाण्यातला मे महिना कितीही वाईट असला तरी यातलं काहीच एकेकटं वितळणार नाही. मग एकत्र आल्यावर का वितळतं?

स्फटिक टिकतो तो एकसारख्या रेणूंच्या शिस्तबद्ध रचनेवर. थायमॉलचा रेणू चपटा, मेंथॉलचं कडं वाकडंतिकडं, कापराचा रेणू जवळजवळ गोल. हे तिघे एका रचनेत बसू शकत नाहीत. त्यातून थायमॉल आणि मेंथॉल दोघांकडे ऑक्सिजनला चिकटलेला एकेक हायड्रोजन असतो आणि कापराकडे नुसता ऑक्सिजन. थायमॉलचा हायड्रोजन जरा जास्तच 'देता'. तो आपल्या भावंडांपेक्षा मेंथॉलच्या किंवा कापराच्या ऑक्सिजनशी घट्ट हायड्रोजन बंध जोडतो. दोन खडे जिथे टेकतात तिथे ही सरमिसळ सुरू होते, द्रवाचा थर तयार होतो आणि तो उरलेले खडे विरघळवत जातो. मिश्रणातल्या रेणूंना असंख्य प्रकारे मांडून घेता येतं, म्हणजे एंट्रॉपी वाढते. परत स्फटिक व्हायचं तर हा सगळा पसारा आवरावा लागेल, आणि त्यासाठी तापमान खूप खाली न्यावं लागतं. अशा मिश्रणाला युटेक्टिक म्हणतात. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो त्यामागेही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे रेणूंऐवजी मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण.

पोटाचं काय? प्राण्यांच्या आतड्यांच्या तुकड्यांवरच्या प्रयोगांत ओव्याच्या अर्काने आखडलेले स्नायू सैल होतात. थायमॉल जंतूंच्या पेशींचं आवरणही बिघडवतं, म्हणून ते माउथवॉशमध्ये असतं. तेव्हा वाल-पावट्याच्या उसळीला ओव्याची फोडणी, पोट फुगल्यावर ओवा-सैंधव, हे चालू द्यावं. बाल्कनीतल्या कुंडीत जाड, लवदार पानांचा 'ओवा' असतो, ज्याची भजी करतात, तो मात्र तुळशीच्या कुळातला. आपला दाण्यांचा ओवा जिरं-कोथिंबिरीच्या कुळातला. वास सारखा येतो, कारण त्या पानांत थायमॉल आणि त्याचंच जुळं भावंड कार्व्हाक्रॉल असतं.

२०२१च्या कोरोनाच्या लाटेत ओवा-कापराची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो, असं घरोघर फिरलं होतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातल्या ऑक्सिजनला त्याचा पत्ताही नसतो.

अमृतधारेच्या बाटलीत कापूर आहे हे मात्र विसरू नका. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, तेही थोड्याशा मात्रेने. तान्ह्या बाळाच्या नाकाखाली ती लावणं तर मुळीच नको. बाटली वरच्या फळीवर ठेवा, आणि मुलाने चुकून प्यायली तर उलटी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा.