लाकडावरील कोरीव काम : प्रकार व प्रारंभ

लाकूड तासून, खोदून किंवा छेदून त्यातून नक्षी अथवा आकृती साकारण्याची कला. लाकूड किती खोल आणि किती बाजूंनी काढायचे, यावरून तिचे प्रकार ठरतात. पुण्यात शिकणाऱ्याला उत्तम नमुने हाकेच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील विश्रामबाग वाड्याची (१८०७) दर्शनी बाजू आणि तिथले सुरूच्या आकाराचे सागवानी खांब रस्त्यावरूनही न्याहाळता येतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दरवाजे तर अगदी जवळून पाहावेत. शनिवारवाड्यातील बहुतेक लाकूडकाम १८२८ च्या आगीत नष्ट झाले. त्यामुळे जे उरले आहे, ते डोळे भरून पाहणे हा शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

सर्वांत कमी साहित्यात होते ते चाकूने तासून छोट्या आकृती करण्याचे काम. त्याला एक चाकू आणि हातात मावेल एवढा ठोकळा पुरतो. सपाट फळीवर त्रिकोणी खाचा पाडून केलेली भौमितिक नक्षी हा दुसरा प्रकार. त्यात तीन तिरके काप तळाशी एका बिंदूत मिळाले की कपची सुटी होते. जाळीकामात लाकूड आरपार छेदतात. चारही बाजूंनी घडवलेली मूर्ती सर्वांत अवघड, आणि तिची घाई नवशिक्याने करू नये.

वाड्यांच्या परंपरेशी जवळचे नाते आहे ते उठावकामाचे, म्हणजे भोवतालचे लाकूड काढून आकृती उंच ठेवण्याचे, आणि सुरुवातीला कमी उठावाचे एखादे पान किंवा कमळ निवडणे सर्वांत शहाणपणाचे. आकृती फळीवर उतरवल्यावर कडेने पटाशीचा, म्हणजे सपाट धारेच्या छिन्नीचा, काप घेतात. हा काप आकृतीपासून किंचित बाहेर झुकता ठेवतात, म्हणजे तळाशी लाकूड जास्त राहते आणि कडा तुटत नाहीत. मग भोवतालची जमीन, म्हणजे आकृतीमागची पार्श्वभूमी, खाली उतरवतात आणि शेवटी पाकळ्यांना गोलाई देतात. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी पाकळ्या घडवल्या, तर त्यांची उंची जमिनीशी जुळत नाही.

या सर्व प्रकारांत तंतूंची दिशा ओळखणे मूलभूत. तंतूंच्या चढत्या बाजूने कापले तर पृष्ठ गुळगुळीत येते. उलट्या बाजूने हत्यार आत घुसते आणि लाकूड फाटते. तसे जाणवताच दिशा बदलावी, जोर वाढवू नये. जोर लागतो याचा अर्थ बहुधा धार गेली आहे. बोथट हत्यार निसटते आणि हात कापते, म्हणून धार लावण्याचा दगड आणि चामड्याची पट्टी पहिल्या दिवसापासून हवी. चाकूने काम करताना धरणाऱ्या हातात काप न लागणारा हातमोजा घालावा, आणि फळी शक्यतो टेबलाला पक्की बांधून दोन्ही हात हत्याराच्या मागे ठेवावेत.

सरावाला शिवण या झाडाचे लाकूड उत्तम : मऊ, आणि वाळल्यावर फारसे न वाकणारे. सागवान टिकाऊ, पण त्यातील सिलिकामुळे धार लवकर जाते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये घेताना नीट वाळलेले, गाठी नसलेले लाकूड मागावे. जुन्या बांधकामातून निघालेले सागवान वाळलेले असते खरे, मात्र त्यात दडलेला खिळा पटाशीची धार क्षणात मोडतो. काम संपल्यावर जवसाचे तेल पातळ चोळतात. पॉलिश पेपर जपून वापरावा, कारण त्याने धारेने उमटलेल्या तीक्ष्ण कडा पुसल्या जातात.