ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम: जुन्या कॅमेऱ्यावरचे दोन आकडे

वीसेक वर्षांपूर्वीचे खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे कॉलेजची मुले आता पुन्हा कपाटांतून बाहेर काढू लागली आहेत. माझा कॅमेराही पुतणीने मागून नेला आणि दुसऱ्याच दिवशी विचारले, "काका, भिंगाजवळ ३ एक्स लिहिले आहे, पण पडद्यावरचा आकडा जवळजवळ दहापर्यंत जातो. मग खरा झूम किती?" हा प्रश्न कॅमेरा घेताना जळगावच्या दुकानात मीच विचारायला हवा होता. तिथे 'दहा पट झूम' एवढेच सांगण्यात आले आणि मीही तेवढ्यावर पैसे मोजले.

त्या दहामध्ये दोन वेगळ्या क्रियांचा गुणाकार दडलेला असतो. पहिली क्रिया ऑप्टिकल झूमची. खटका दाबला की बारीक घरघर होऊन नळी पुढेमागे सरकते, आतल्या काचांमधील अंतर बदलते आणि दृश्याचा लहानसा भाग संपूर्ण सेन्सरवर, म्हणजे भिंगामागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पसरतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल कामाला लागलेला असल्यामुळे दूरच्या वस्तूचा आधी न दिसलेला तपशील खरोखरच टिपला जातो. डिजिटल झूममध्ये मात्र भिंग जागचे हलत नाही. कॅमेरा सेन्सरच्या मधला तुकडा ठेवतो, कडेचे सारे टाकून देतो आणि उरलेला तुकडा ताणून पूर्ण आकाराचा करतो. ताणताना पडलेल्या रिकाम्या जागा शेजारच्या रंगांच्या अंदाजाने भरल्या जातात.

हिशेब मांडला की फरक नीट कळतो. ३.२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र २०४८ गुणिले १५३६ पिक्सेलचे असते. त्यावर ३.२ पट डिजिटल झूम लावला (तीन गुणिले ३.२, म्हणजेच ते जवळजवळ दहा), तर मधला ६४० गुणिले ४८० चा तुकडाच उरतो, म्हणजे एकतीस लाखांपैकी जेमतेम तीन लाख पिक्सेल. सहा इंच रुंदीच्या छापील फोटोत एरवी इंचाला ३४१ पिक्सेल मिळाले असते. आता १०७ मिळतात. फाइल पूर्ण आकाराची होत असल्याने संगणकावर आकडे पाहून ही काटछाट लक्षातही येत नाही.

मला ती लक्षात आली सारंगखेड्याच्या यात्रेनंतर. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या घोडेबाजारात एका पांढऱ्या घोड्याचे मी दोन फोटो काढले होते. पहिल्यात झूम तीन पटींवर थांबवला होता, तर दुसऱ्यात खटका शेवटपर्यंत दाबून धरला होता. पडद्यावर दुसराच फोटो सरस वाटला, कारण दीड इंचाच्या पडद्यावर काहीही सरसच दिसते. छापून आल्यावर पहिल्यात घोडा लहान होता, पण आयाळीत गुंफलेले मणी वेगवेगळे ओळखता येत होते. दुसऱ्यात मण्यांचा एकच निळसर डाग झाला होता आणि लगामाची तिरपी रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटली होती.

ऑप्टिकल झूमही फुकटात मिळत नाही. २००३ सालच्या कॅनन पॉवरशॉट ए७० या कॅमेऱ्यात रुंद टोकाला भिंगाचे छिद्र एफ २.८ असते, तर लांबच्या टोकाला एफ ४.८; हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश सुमारे एकतृतीयांशावर येतो, शटर अधिक वेळ उघडे राहते आणि तिन्हीसांजेच्या उजेडात हात हलल्याची खूण फोटोत उतरते. शिवाय नळी फिरवणारी मोटार सेलवरच चालते. तरीही ही किंमत मला मान्य आहे, कारण तिच्या बदल्यात तपशील मिळतो. डिजिटल झूमने जे मिळते, ते घरी संगणकावर फोटो कापूनही बहुतांशी मिळते, आणि तिथे कुठे कापायचे हे शांतपणे ठरवता येते. संगणकाला हात न लावता कार्ड थेट स्टुडिओत छपाईला द्यायचे असेल तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे.

या दोहोंतील सीमा हाताला जाणवावी, अशी सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ऑप्टिकल झूम संपला की आकडा क्षणभर अडतो आणि खटका सोडून पुन्हा दाबल्यावरच पुढे सरकतो. पडद्यावर झूमची पट्टी असेल, तर तिच्यावरही मध्ये खूण दिसते. वरच्या काचेच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मात्र फसायला वाव आहे. ती खिडकी भिंगाबरोबर झूम होते, पण डिजिटल झूमची काटछाट तिच्यात दिसूच शकत नाही. खानदेशच्या उन्हात पडदा दिसेनासा होत असल्याने आम्ही त्याच खिडकीला डोळा लावत असू. त्यामुळे मेन्यूत जाऊन डिजिटल झूम एकदाच बंद करून ठेवणे सोयीचे.

जुना कॅमेरा विकत घेताना खोक्यावरचा आकडा वाचू नये, भिंगाभोवतीचे कडे वाचावे. त्यावर फोकल लेंथचे, म्हणजे भिंग दृश्य किती जवळ आणते ते सांगणारे, दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ५.४ ते १६.२ मिलिमीटर. मोठ्याला लहानाने भागले की ऑप्टिकल झूम निघतो. पुतणीने तिथल्या तिथे भागाकार केला; उत्तर तीन आले.